रेणूचं आडनाव

चार वर्षं झाली. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला अर्धी माहीत आहे — तीही माझ्या सोयीची अर्धी. बहिणीला तेवढीही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही. बघत असता तर मी पुन्हा विषय बदलला असता. त्यात मी तरबेज आहे.

औरंगपुऱ्यात माझं पार्लर आहे. साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. वीस वर्षं मी नवरीचा मेकअप करतेय. बायका जिना चढून येतात, दम खातात, आणि मी त्यांना खुर्चीत बसवायच्या आधीच डोळ्यांखालची काळी वर्तुळं मोजलेली असतात. फटकळ आहे मी. हे दिसतंय, ते झाकायला पाहिजे, असं तोंडावर सांगते. लोकांना त्याचा राग येत नाही, उलट विश्वास बसतो. म्हणून धंदा चालला.

रेणू माझ्याकडे सहा वर्षं होती. पडेगावची. आली तेव्हा तिला थ्रेडिंगचा दोरा दातात धरता येत नव्हता. पुढे तिच्या हातचा अंबाडा असा बसायचा की मला — सांगूनच टाकते — जळायला व्हायचं. माझ्या अंबाड्याला तीस पिना लागायच्या, तिचं दहा-बारात काम भागायचं. बडबडी होती, मला उलटून बोलायची, आणि सारखं एकच म्हणायची, “ताई, एक नवरी पुरी माझ्या हातची होऊ द्या. केसापासनं पायापर्यंत. मग बघा.” मी म्हणायचे, होऊ देऊ की, घाई काय आहे?

घाई शेवटी मलाच झाली. ह्यांनी ऑफिसातल्या चार कुटुंबांबरोबर थायलंडची सहल ठरवली. तोवरच्या सोळा वर्षांत मी लग्नसराईत एक दिवस सुट्टी घेतली नव्हती, आणि परदेश तर सोडाच, विमानातही बसले नव्हते. नेमकी त्याच आठवड्यात देवगाव रंगारीच्या एका नवरीची तारीख मी घेऊन बसले होते. जाऊ की नको, असं दोन दिवस केलं. खरं सांगू? जायचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

त्या नवरीची आत्या माझं जुनं गिऱ्हाईक. कन्नड तालुक्यातली माझी निम्मी लग्नं आत्याबाईंच्या शब्दावर यायची. मोठं घर, मोठी शेती, आणि त्याहून मोठा आवाज. त्यांना फोन करून म्हटलं, मी नाही, पण रेणूला पाठवते, माझाच हात समजा. “हात तुमचाच पायजे व्हता मॅडम,” त्या म्हणाल्या. “बघा आता.” हे ‘बघा’ माझ्या पोटात राहिलं.

लग्न मंगळवारी होतं. आमचं विमान रविवारी रात्री मुंबईहून. शनिवारी नवरी ट्रायलला आली आणि ऐनवेळी म्हणाली, केसांना रंग पण लावा. आता आमच्या कामात एक नियम आहे. नव्या गिऱ्हाइकाला रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे त्या रंगाचा एक ठिपका लावायचा, धुवायचा नाही, आणि खाज येते का, लाल होतं का ते बघायचं. काहींना हा रंग सोसत नाही. आमच्याकडे हा ठिपका लावायचं काम रेणूचं, आणि हा नियम तिच्या डोक्यात मीच ठोकून बसवला होता. ठिपक्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही.

रंग मी कालवत होते. बेसिनपाशी येऊन ती हळूच म्हणाली, “ताई, हिच्या कानामागं तर काईच लावलं नाय आपण.”

“काही होत नाही गं. रोज दहाजणींना लावतो.”

“पन तुम्हीच तर म्हनता—”

“रेणू, माझी अजून बॅग भरायची आहे.”

रंग मी लावला. माझ्या हातानं.

तुम्ही म्हणाल, घाई होती, चूक झाली, कुणाकडूनही होते. होते ना. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

मंगळवारी सकाळी आम्ही होडीत होतो. कुठल्याशा बेटावर नेत होते, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जॅकेटं, पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. फोन वाजायला लागला. रेणू. मी बंद केला. पुन्हा रेणू. असे सात. मग तिनं फोटो पाठवला. नवरीच्या पापण्या सुजून टम्म झाल्या होत्या, कपाळ केसांच्या रेषेपर्यंत लाल, कान दुप्पट. फोटोखाली लिहिलं होतं — ताई फोन उचला, काय करू?

काय करू, एवढंच विचारत होती ती. मला सांगता आलं असतं — मेकअपला हात लावू नकोस, डोकं गार पाण्यानं धुवून काढ, डॉक्टर बोलाव, आणि त्यांना सांग की चूक ताईची आहे. मिनिटभराचं काम. मी फोन पर्समध्ये टाकला आणि ह्यांना म्हटलं, माझा एक फोटो काढा ना. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. हसतेय मी त्यात. पाहुणे म्हणतात, किती छान आलाय.

हीसुद्धा ती गोष्ट नाही. मी अजून आडूनच बोलतेय. तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याआधी आमची एक रीत सांगायला हवी. आमची कसली — माझी. गावाकडच्या लग्नाला गेलं की मी रेणूची ओळख ‘ही रेणू’ एवढीच करून द्यायचे. आडनाव नाही. कुणी विचारलंच तर मी मध्ये पडून, आमच्या घरचीच आहे, म्हणून वेळ मारून न्यायचे. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते तुम्हाला सांगायला नको. माझं आडनाव त्या घरांना चालणारं होतं. रेणूचं घर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिच्या मेकअपच्या पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा छोटा फोटो चिकटवलेला होता. एकदा हसत हसत म्हणाली होती, “ताई, मला आडनाव नाय का वं?” मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी करते. मला तेव्हा ते खरंच वाटायचं. किती चांगली बाई मी, असं वाटायचं.

तर — बेटावर जेवायला बसलो होतो. पत्र्याची शेड, पानात भात. फोन वाजला. आत्याबाई. हा नाही उचलला तर गेलं सगळं, हे मला कळत होतं. रेणूचे सात फोन मी बंद केले आणि हा एक पहिल्या रिंगला उचलला.

“काय लावलं ओ मॅडम पोरीच्या डोक्याला? डोळं उघडंना तिचं! वऱ्हाड येऊन बसलंय दारात!”

मी म्हटलं, “आत्याबाई, मी रेणूला बजावून आले होते. तिनं टेस्ट करायची होती. तिनं केली नाही.”

हे खोटं इतकं सरळ बाहेर आलं की मला स्वतःला आश्चर्य वाटलं. पण आत्याबाई ऐकेनात. पाठवली कुणी तिला? तुम्हीच ना? आमची इज्जत गेली, त्याचं काय? मी तालुक्यात सांगीन, म्हणाल्या. आणि मग विचारलं, “कोन हाय ही रेणू? कुनाची हाय ती?”

कुणाची. या प्रश्नाला माझ्याकडे सहा वर्षं एक उत्तर तयार होतं — आमच्या घरचीच. तोंडात बसलेलं उत्तर. तेवढंच म्हणायचं होतं.

मी तिचं आडनाव सांगितलं.

नुसतं आडनाव. पुढे-मागे काही नाही. त्यांनी आडनाव विचारलंही नव्हतं. चुकून आलं का? नाही. जीभ घसरली का? नाही. मला नीट माहीत होतं की हा एक शब्द टाकला की त्यांचा राग माझ्यावरून उठेल आणि कुठे जाऊन बसेल. मी तो शब्द त्यासाठीच टाकला. इथे तो लिहीत नाही, मी एकदा उच्चारला तेवढा पुष्कळ झाला.

मग आत्याबाईंचा आवाज एकदम खाली आला. “आसं व्हय,” त्या म्हणाल्या. “मग आदी सांगायचं नाय का मॅडम.” डॉक्टर आलाय, इंजेक्शन दिलंय, तुम्ही फिरून या निवांत — असंही म्हणाल्या. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मी पानातला भात संपवला.

नवरीची सूज दुपारपर्यंत डोळे उघडण्याइतपत उतरली, लग्न उशिरा का होईना लागलं. रेणूला तोवर खोलीतून बाहेर काढलं होतं. तिची पेटी बाहेर पायरीवर आणून ठेवली. पाणी मागितलं तर गुरांच्या हौदाशेजारच्या नळाकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांत सामान घेऊन ती एसटीनं परत आली. यातलं तिनं मला फार थोडं सांगितलं. बाकीचं मला पुढे त्याच घरातल्या एका मुलीनं सांगितलं. होय, त्याच घरातल्या. पुढच्या वर्षी तिचाही मेकअप मीच केला.

मी सहलीहून आले त्या दिवशी रेणू दुकान उघडून बसली होती. चॉकलेटं आणली होती मी तिच्यासाठी. ती तिनं घेतली नाहीत. म्हणाली, “ताई, त्यांना माझं आडनाव कुनी सांगितलं?”

“काय माहीत बाई. गावात कळतंच.”

“तुम्हाला फोन केलता त्यांनी?”

“अगं, तिथे रेंजच नव्हती. तुझेसुद्धा फोन मला हॉटेलवर आल्यावर दिसले.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. तिला ते पटलं. पटणारच — सहा वर्षं तिनं मला फटकळ म्हणूनच ओळखलं होतं, आणि फटकळ बाई खोटं बोलत नाही असा सगळ्यांचा समज असतो.

नंतर गावाकडची गिऱ्हाइकं फोनवर म्हणायला लागली, या मॅडम, पण ती पोरगी नको. मी प्रत्येकीला ‘बरं’ म्हटलं. एकीलाही का म्हणून विचारलं नाही. रेणू दुकानातच आयब्रो आणि फेशियल करत राहिली. दोन महिन्यांनी तिनं किल्ली टेबलावर ठेवली. मी थांब म्हटलं, पण एकदाच.

गेल्या महिन्यात मी पडेगावला गेले. सांगायचं असं ठरवून गेले होते. स्कूटीवर बसून वाक्यंही जुळवली होती. घराच्या पुढच्या खोलीत तिनं पार्लर काढलंय. बाहेर पाटी आहे, तिचं पूर्ण नाव लिहिलेली. एक आरसा, एक खुर्ची. नवरीचं काम घेत नाही, म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. मला बघून मात्र तिला इतका आनंद झाला की आपल्या ओढणीनं खुर्ची पुसली. आत आई होती. तिनं चहा आणला, माझ्या हातात कप दिला आणि तिथेच उभी राहिली.

आता सांगायचं, असं मी म्हणत होते. तेवढ्यात रेणूच म्हणाली, “ताई, लई वर्षं झाली, पन आई आजून तेच धरून बसलीय. म्हनती, तुझ्या ताईनंच सांगितलं आसंल त्यांना. लई भांडले मी हिच्याशी. म्हटलं, ताई तशी नाय.” आणि हसून म्हणाली, “आता आल्याच हायेत तर तुमच्या तोंडानं सांगा हिला.”

आई माझ्याकडे बघत होती. डोळे हलले नाहीत तिचे.

मी म्हटलं, “नाही हो आई. मी कशाला सांगू?”

“बघ,” रेणू आईला म्हणाली. “म्हटलं नव्हतं मी?”

आईनं माझ्या हातातला कप घेतला आणि ती आत गेली.