कोर्सचं वेगळेपण

“अगं, एवढ्या नीट निऱ्या नकोत. जरा गावठी नेस,” सर म्हणाले.

मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पनवेलच्या कॉलेजात. त्या दिवशी बारावीच्या मुलांचे आईबाप कॉलेज बघायला येणार होते. हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारं एक मशीन लॅबमध्ये मांडलं होतं. ते मी बनवलेलं. सोल्डरिंगचे चटके अजून बोटांवर होते. समजावून सांगायला मात्र प्रोजेक्टमधला माझा जोडीदार पराग. शहरातल्या खांदा कॉलनीचा, इंग्रजी फाडफाड. मला सरांनी आईची साडी आणायला सांगितली होती. पेशंट व्हायला.

वर्गातले बाकीचे पांढऱ्या अॅप्रनमध्ये. मी कॉटवर आडवी. मनगटांना, घोट्यांना मशीनचे चिमटे. माझ्याच ठोक्यांकडे बोट दाखवून पराग पाहुण्यांना सांगत होता, “माय डिझाइन.”

एका बाईंनी विचारलं, “यांना काय होतंय?”

माझ्याकडे न बघताच सर म्हणाले, “काही नाही हो, इथल्या गव्हाण गावच्या आहेत. अशा अडाणी लोकांपर्यंत आमची मुलं पोचतात. आमच्या कोर्सचं हेच तर वेगळेपण.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने माझा फोटो काढला. विचारलंही नाही. त्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. कसला वास येत होता त्यांना? साडी आईने आदल्याच दिवशी धुतलेली.

शिसारी आली मला. त्या रुमालाची, सरांच्या गोड हसण्याची. चार वर्षं यांच्यासमोर घरच्या ‘हाय’चं ‘आहे’ करत जीभ घासली, आणि शेवटी यांना मी हवी होते ती अडाणी म्हणूनच.

मी चिमटे उपटले. पडद्यावरची रेघ सपाट झाली. मशीन किंचाळायला लागलं. कुणीतरी “अगं बाई!” ओरडलं. मी उठून बसले.

“मी पेशंट नाय. यांच्याच वर्गात हाय मी. आनि ह्ये मशीन मीच बनवलंय.”

पराग वायरी तपासायला लागला.

पाहुणे गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “कॉलेजची अब्रू घालवलीस. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा मीच घेणार आहे, लक्षात ठेव. त्याआधी सगळ्यांसमोर माफी माग.”

“मागनार नाय,” मी म्हणाले.

सोमवारी ती परीक्षा आहे. परागच्या मागे मी उभी राहणार नाही. मीच बोलेन, आणि आमच्या घरात बोलतो तसंच बोलेन. नापास करायचं तर करा, सर. पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच समोर येऊन उभी राहीन. माफी तेव्हाही मागणार नाही.