रायपूरच्या यादीतला विहार

१६ फेब्रुवारी. तीन महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. कारण शोधत बसले तर चौथा महिनाही जाईल.

सिंधूमावशीनं बोलावलं म्हणून रायपूरला जाऊन आले. कोणाला जायचं असेल तर नागपूरहून सकाळची गाडी धरा, जेवायला पोचता. पुढे बीरगांवकडे ऑटो मिळतो. उरल्याच्या कारखान्यांचे ट्रक फार धूळ उडवतात, तोंडाला ओढणी बांधा.

ऑटोवाल्याला कॉलनीचं नाव सांगितलं. "अच्छा, वो वाली!" म्हणत त्यानं आरशातून मला पुन्हा निरखलं. 'वो वाली' म्हणजे कुठली, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

विदर्भातून रेल्वेत, कारखान्यात नोकरीला आलेल्या आम्हा बौद्धांना शहरात खोली मिळत नसे. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. मग ही सरकारी क्वार्टरं मिळाली. लोकांनी आधी विहार बांधला, मग न्हाण्या. शिफ्ट सुटली की जो तो सायकलवर दोन-दोन विटा आणायचा. आता ती पाडून तिथे टॉवर होणार. फाटकावर त्याचं चित्र आहे: कारंजं, हिरवळ, पळणारी माणसं. सगळी गोरी. कुत्रंसुद्धा.

मावशीनं तांदळाचे चिले आणि टमाट्याची चटणी वाढली, शेजारी काय ठेवायचं नि काय पाडायचं त्या सर्वेची यादी ठेवली. "वाच. मले तर खरंच वाटून नाही राहिलं."

यादीत कोपऱ्यावरच्या मंदिराच्या नावापुढे लिहिलं होतं, 'जगह आरक्षित'. आमच्यापुढे, 'विहार: मनोरंजन, हटाना है'.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सर्वेच्या ऑफिसात गेलो. बाबू सज्जन होता. "मैडम, विहार मतलब घूमना-फिरना. जल-विहार, वन-विहार. मैंने शब्दकोश देखकर भरा है."

"काहून जी भैया," मावशी म्हणाली, "चाळीस वर्सं झाले, आम्ही तिथं डोळे मिटून फिरून राहिलो का?"

बाबू हसला. मीही हसले, त्याची नंतर लाज वाटली. त्यानं हरकतीचा फॉर्म दिला. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत. त्यात प्रकाराची पाच घरं होती: मंदिर, मस्जिद, गुरुद्वारा, चर्च, मनोरंजन. "मंदिर पे टिक कर दीजिए, दीदी. जगह बच जाएगी."

मला ते पटलं, हेही लिहून ठेवते. परतताना मावशीला तसं म्हणालेसुद्धा.

"पोट्टी, मंदिरात घेत नव्हते म्हणून तर हा बांधला," ती म्हणाली. "आता त्याच्याच नावानं वाचवू?"

"आणि पाडला तर?"

"पाडला तर विहार पाडला म्हणतीन. दुसरं काही पाडलं, असं तर नाही म्हणनार." मग फॉर्मवर सही करून तिनं तो माझ्या पर्समध्ये कोंबला. "तुह्यं अक्षर चांगलं हाय. तूच भर."

घरी आल्यापासून तो टेबलावर आहे. मावशीचा निर्णय झालाय. पाडायला आले तर तिथे उभी ती राहणार. मी नागपुरात चहा पिणार. माझी अडचण फक्त पेनाची, आणि तरी दोन दिवस घेतले.

उद्या: पट्टीनं सहावं घर आखून, त्यात 'बुद्ध विहार' लिहून, टिक करून फॉर्म स्पीड पोस्टानं पाठवणं.