पाहुण्याची सर्दी

चंद्रपूरहून एसटी सुटली तेव्हा मी नाक शिंकरत होतो आणि गोंडपिपरी येईपर्यंत अर्ध्या गाडीला माझी शिंक पाठ झाली होती. ती साधी नसते. आधी लांब आलाप, मग शांतता, मग स्फोट. एका आजींनी तर कौतुकाने मागे वळून पाहिलं.

मुलचेऱ्यापुढच्या जंगलगावात माझे जुने स्नेही सोमाजी राहतात. त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी पेला भरून जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) दिला. मी तो घेताघेताच शिंकलो. त्या हसल्या, पण पदर नाकाला लावून दोन पावलं मागे सरकल्या. मला वाटलं, लाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहफुलं वेचायला गेलो. इकडे झाडाखालचा पाला पेटवून देतात; काळ्या जमिनीवर पिवळी फुलं चटकन दिसतात. सोमाजी मात्र आपल्या झाडाखाली खराटा फिरवत होते.

"पेटवत नाही?"

"हिले दमा आहे. धुरानं छाती भरते. आता शेजारचेबी झाडूनच घेतेत."

एका बाईच्या श्वासासाठी शेजाऱ्यांनीही जुनी सवय सोडली होती. मी भारावून तिथेच छोटंसं भाषण केलं. मध्ये दोनदा शिंकलो.

तिसऱ्या दिवशी देवकाबाई अंगणात गुडघ्यांवर हात टेकून बसलेल्या दिसल्या. आदल्या संध्याकाळपासून त्यांचं नाक वाहत होतं. आता छातीतून शिट्टी वाजत होती.

"काय होतंय बाई?"

"काही... नाई... भाऊ."

तीन शब्दांना तीन श्वास लागले. दम्याचा पंप ओढूनही उतार पडेना. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

औषधाच्या वाफेचा मास्क लावून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला सर्दी होती?"

सोमाजी जमिनीकडे पाहू लागले. मी हात वर केला.

"तुमची सर्दी नाकातच राहिली," त्या म्हणाल्या. "दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आधीच हळव्या असतात. त्याच सर्दीनं त्या सुजतात, आवळतात, कफ साचतो. नाक मोकळं झालं तरी छाती बरेच दिवस त्रास देते."

दुपारपर्यंत देवकाबाईंना सलग वाक्य बोलता येऊ लागलं. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्याले दूर बस कसं म्हणाव?"

"मले तर रोज म्हणते," सोमाजी म्हणाले.

त्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेपर्यंत सोमाजी त्यांची पाठ चोळत राहिले.

परतीच्या गाडीत मी तोंडाला रुमाल बांधून मागच्या खिडकीशी बसलो. एक बाई टोपली घेऊन शेजारी बसू लागल्या.

"मला सर्दी आहे बाई. पुढे बसा."

"बरं केलं सांगितलं," म्हणत त्या पुढे गेल्या. त्यांना राग आला नाही, माझीही काही शोभा झाली नाही. सोमाजींच्या दारात पाय ठेवताना हे वाक्य मीच म्हणायला हवं होतं. देवकाबाईंना ते म्हणण्याची सोय नव्हती.