मोरे मॅडमचं दुसरं उत्तर

कोणतंही समीकरण समोर आलं की मोरे मॅडम आधी कॅल्क्युलेटर पालथा ठेवायच्या. म्हणायच्या, "उत्तर साधारण कुठे असेल, ते आधी सांग." अंबरनाथच्या कॉलेजात अकरावीला आम्ही या सवयीला वैतागायचो. वीस वर्षांनी मी पुन्हा वैतागले, आणि या वेळी त्यांना शिकवत मी होते.

निवृत्तीनंतर मॅडमना काम हवं होतं. कॉलेज विनाअनुदानित, त्यामुळे पेन्शन नव्हती. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आमची कंपनी परदेशातल्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. नव्या शिक्षकांना तयार करायचं आणि त्यांचा चाचणी तास तपासायचा, हे माझं काम. मीच मॅडमना बोलावलं.

ती मुलं घातांकी समीकरणं ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर सोडवतात. दोन्ही बाजूंचे आलेख काढायचे आणि ते छेदतात तिथला एक्स वाचायचा. एका गणिताला ठरलेली पाच मिनिटं. मॅडम मात्र रोज बदलापूरहून वहीत लॉगॅरिदम मांडून आणायच्या.

"मॅडम, लॉग घेऊन हे सुटत नाही. एक्स घातांकातही आहे आणि बाहेरही."

"ते कळतंय गं मला. पण हे यंत्र कशावरून सांगतं, ते तू सांगत नाहीस."

खाली शिलाई मशिनं धडधडत असायची, वर आमचं हे. दुसऱ्या आठवड्यात मी चिडून म्हणाले, "तुम्ही फक्त बटण दाबा ना." मॅडमनी दाबलं. मग वही मिटून पिशवीत ठेवली.

चाचणी तासाला दुबईची एक मुलगी होती. दोनचा एक्सवा घात बरोबर एक्स अधिक तीन. तिने आलेख काढून छेदबिंदू वाचला, २.४४. झालं, असं मला वाटलं.

"बेटा, झीरो के लेफ्ट में क्या हो रहा है?" मॅडमनी विचारलं.

"वहाँ तो स्क्रीन ही खत्म है, मॅम."

मॅडमनी तिला उणे दोन, उणे तीन या किमती हाताने घालायला लावल्या. उणे दोनला एक्स अधिक तीनची रेषा वर होती, उणे तीनला दोनच्या घाताचा वक्र वर. "म्हणजे मध्ये कुठेतरी..." मॅडम चक्क मराठीत बोलून गेल्या. मुलीने आलेख सरकवला. उणे २.८६. ती हसायला लागली.

या एका गणिताला एकतीस मिनिटं लागली होती. तपासणीच्या फॉर्मवर 'ठरलेल्या वेळेत शिकवतात का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. मॅडमना नकार गेला.

स्टेशनकडे जाताना रिक्षात मी त्यांना ते सांगितलं.

"खरं तेच लिहिलंस. वेळ लागलाच मला," त्या म्हणाल्या. स्टेशन आल्यावर म्हणाल्या, "डावीकडचं उत्तर तुला दिसलं होतं?"

"नाही, मॅडम."

"बरं," म्हणून त्या उतरल्या.

मॅडम वारल्या त्याला आता वर्ष होईल. त्या फॉर्मवर शेवटी, तासात आणखी काय दिसलं त्या शेऱ्यासाठी, दोन ओळींची जागा होती. वैतागात मी ती कोरी सोडली होती.