वरातीच्या घोडीची खाज

आमच्या वळ गावच्या घरात घोडीला खाज सुटली की सगळ्यांच्याच अंगात डॉक्टर संचारायचा. सासरे म्हणायचे, "नजर लागलीय, दुसरं काय न्हाय," आणि तिच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधायचे. नवरा गोडाऊनवरच्या ट्रकचं जळकं ऑइल आणून तिच्या मानेवर थापायचा. शेतं गोडाऊनखाली गेली तरी सासऱ्यांनी वरातीसाठी ही पांढरी घोडी हौसेनं ठेवली होती. हौस त्यांची, लीद काढायला मी.

दर पावसाळ्यात ती मान आणि शेपटीचं मूळ भिंतीला घासून घासून रक्त काढायची. तुळशीचं लग्न लागून वराती सुरू व्हायच्या, तेव्हा हिची आयाळ अर्धी झडलेली असायची. लोक तिला बघून दुसरी घोडी ठरवायचे. शेवटी कुणाला न विचारता मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"संध्याकाळी बारीक चिलटं चावतात, त्यांची अ‍ॅलर्जी आहे हिला," डॉक्टर म्हणाले. "ही कायमची बरी होत नाही, सांभाळावी लागते. दिवस मावळायच्या आधी आत बांधा. पंखा लावा, वाऱ्यात चिलटं टिकत नाहीत. आणि ते ऑइल आधी बंद करा, त्यानं कातडी आणखी खराब होतेय."

घोडीला पंखा म्हटल्यावर सासरे डॉक्टरांच्या तोंडावर हसले. मी मात्र भिंतीला पंखा लावून घेतला, मच्छरदाणीच्या कापडाची झूल शिवली. दोन पावसाळे पाचच्या ठोक्याला हातातलं काम टाकून तिला आत घेतलं. दुसऱ्या वर्षी आयाळ भरून आली. ज्यांनी इकडची बादली तिकडे केली नव्हती, ते गावभर सांगत सुटले, "आमची घोडी बरी झाली." मी गप्प बसले. तिथंच चुकलं माझं.

गेल्या भादव्यात आई आजारी पडली म्हणून दहा दिवस माहेरी, गणेशपुरीला गेले. जाताना नवऱ्याला सगळं दोनदा समजावलं. परत आले तर तबेल्याच्या भिंतीला पांढरे केस चिकटलेले, मान सोललेली, आणि पंखा गायब. तो गोडाऊनच्या वॉचमनच्या केबिनमध्ये फिरत होता.

"ती बरी झालेली ना," नवरा म्हणाला. "मंग पंखा कशाला?"

मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चार घरांनी ऐकलं, ऐकू दे. मला बोलण्यापेक्षा मारावंसं वाटत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की असलं दुखणाईत जनावर दारात नको, कामतघरचा एक घोडीवाला बघायला येतोय, देऊन टाकू.

तो यायच्या दिवशी सकाळी मी तबेल्यात गेले तर नवरा तिच्या उघड्या पडलेल्या कातडीवर पांढरं बूटपॉलिश लावत होता. पोरांच्या शाळेच्या बुटांचं. डाग झाकायला. घोडी थरथरत होती, आणि पॉलिशच्या कडेनं मानेवर गांधी उठायला लागल्या होत्या. मी त्याच्या हातातून बाटली ओढून उकिरड्यावर फेकली. तिला अंगणात नळाखाली उभं केलं आणि धुवायला घेतलं. तेवढ्यात घोडीवाला दारात आला. नवरा मला डोळ्यांनी दटावत होता. मी मुद्दाम पॉलिश धुऊन काढत एकेक जखम दाखवली. मला त्या घोडीवाल्याला पळवून लावायचं होतं.

"हर साल होगा ये," मी म्हणाले. "ठीक नहीं होती. जिंदगीभर संभालना पडता है."

तो वाकला. शेपटीचं मूळ पाहिलं, मानेवरून अलगद हात फिरवला. "हमारी पहली वाली को भी था, भाभी," तो म्हणाला. "शाम को कितने बजे अंदर लेती हो?"

मी नळ बंद केला. मग वेळ सांगितली, कशानं धुते ते सांगितलं, झूल कशी शिवली ते सांगितलं. तो मधूनमधून विचारत राहिला. दुपारी तो तिला टेम्पोत चढवून घेऊन गेला. झूल मी स्वतः घडी करून त्याच्या हातात दिली.

रात्री जेवताना नवरा खुशीत होता. "बघ, खरं सांगून पण खपली." मी ताट सरकवून उठले.

घोडीवाल्यावर चिडावं तर त्यानं काही वाईट केलं नाही. राग येतो तो या माणसांचा. इतक्या वर्षांत एकानं कधी विचारलं नाही की तू तिचं रोज काय काय करतेस. तिला विचारणारं घर मिळालं. मी इथंच आहे.