भाऊजींच्या डोक्यातला कोंडा

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या. आतली भाऊजींची, दाराजवळची माझी. कैची धरायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांना सोरायसिस झाला, तोही नेमका डोक्यात, तेव्हा मला देवाचाच राग आला. व्हायचाच होता तर गुडघ्याला व्हायचा, पँटखाली झाकला तरी गेला असता.

कपाळापासून मानेपर्यंत जाड पांढरे पापुद्रे, खाली कातडी लालभडक. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हा कोंडा नाही, कुणाला लागत नाही, कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. तेल लावून पापुद्रे मऊ करायचे, डांबराच्या शाम्पूने धुवायचं, मग केस बाजूला करून कातडीला औषध लावायचं. "आणि खरवडायचं नाही. खरवडलंत की वाढलंच समजा."

केस कापणाऱ्याला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गिऱ्हाईक नसलं की भाऊजी बारीक फणी घेऊन मागच्या मोरीत जात आणि रक्त येईपर्यंत पापुद्रे काढत. डोकं तेवढ्यापुरतं साफ दिसे, मग दुपटीने भरून येई. मी फणी लपवली, त्यांनी दुसरी घेतली. सलूनमध्ये फण्या लपवून लपवणार किती?

"अहो, कशाला खरवडता?" मी चिडायचो.

"असलं डोकं घेऊन दुसऱ्याच्या डोक्याला हात लावू?"



गिऱ्हाइकं तोंडावर काही म्हणत नसत. आतली खुर्ची रिकामी असली तरी बाकावर बसून राहत. "घाई नाही, थांबतो." पुढे पुढे घाईवालेही थांबायला लागले. जाता जाता लिंबू चोळा, दही लावा, असे फुकटचे सल्ले मात्र देत. हा रोग लागत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. सगळे माना डोलवत आणि माझ्याच खुर्चीत बसत.

काल संध्याकाळी माझी भाची आली. जन्मापासून तिचे केस तिच्या बाबांनीच कापलेले. तिला पाहून भाऊजींनी खुर्ची पुसली, धुतलेलं कापड काढून झटकलं. पोरगी दाराशीच घुटमळली.

"बाबा, आई म्हणाली, मामाकडून कापून घे."

माझ्या बहिणीचा मला असा संताप आला की कैची खाली ठेवावी लागली. भाऊजींनी कापड माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

"मानेवरचे फार बारीक करू नकोस," ते म्हणाले. "तिथे भोवरा आहे तिला. केस उभे राहतात."