टिटवीची कोरी चौकट

सुमनबाईंच्या कॉमिकमधली शेवटची चौकट नेहमी कोरी असायची. बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर सुतळी बांधून त्या आपली पानं धुतलेल्या कपड्यांसारखी चिमट्यांनी लटकवायच्या. त्यातले रोही म्हणजे नीलगायी, घोरपडी, सातभाई पक्षी सगळे वऱ्हाडीत बोलायचे. लोक पिशव्या खाली ठेवून वाचत उभे राहायचे आणि माझं गिऱ्हाईक बाहेरच अडकायचं. मी कुरकुरलो की बाई म्हणायच्या, "वाचू द्या ना भाऊ, तुमचं दुकान कुठं पळून राह्यलं?"

कोऱ्या चौकटीबद्दल विचारलं, तर दूर कुठेतरी पाहत म्हणायच्या, "जे पाह्यलं नाही ते मी कायले काढू? ज्यानं पाह्यलं त्यानं येऊन सांगावं." आणि लोक खरंच यायचे. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि माझ्या स्टुलावर बसून चित्र पुरं करायच्या. वाऱ्याने पानं हलली की मला वाटायचं, आता रोही उतरून बाजारात चालू लागेल. एरवी मी असल्या विचारांचा माणूस नाही.

शेवटची कथा टिटवीची. बाईंचे थोरले भाऊ गुलाबराव यांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, टिटवीने जमिनीवरच अंडी घातली होती आणि बैलांच्या डवऱ्याने तण काढायची डवरणी तोंडावर आली होती. "अंड्यांपायी वावर तणात सोडू का?" गुलाबराव गरजले. बाई भांडल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी बैल, डवरा, बैलांवर धावून जाणारी टिटवी काढली आणि चौकट कोरी ठेवली. त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना म्हणाल्या, "पान लटकवा भाऊ. पिल्लं निघाली का, एवढं समजलं पाहिजे मले."

पहिल्या बाजारी कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या बाजारी गुलाबराव आले. बराच वेळ वाचत राहिले, मग माझ्या खिशातला पेन काढून चौकटीत गिरवू लागले. गवताचा एक तुकडा, त्यात काड्यांच्या पायांची गोल गोल पिल्लं.

"तेवढं डवरलं नाही मी," ते म्हणाले. "मले बोलता येत नाही तिच्यासंग. तुम्हीच दाखवा."

मी पान दवाखान्यात नेलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ धरलं. "पाय लयच लंबे काढले दादानं," म्हणाल्या आणि हसल्या. मग पिल्लांवरून बोट फिरवत, "पण त्यानं पाह्यले ना. मंग तसेच असतील."

त्या गेल्या. पुढच्या मोसमात गुलाबरावांनी मला वावरात नेलं आणि बोट दाखवलं. गवतातून पिल्लं पळत होती. पाय तेवढेच लांब होते. मला फार रडू आलं.